गेमर वेगळा, नर्ड वेगळा: काउंटरमागून बघितलेलं

पेचकस

राजे हो, वाद लावायलाच धागा काढून राहिलो आहे, आधीच सांगतो.

नागपुरात बर्डीवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. परवा एक पोट्टा कॅबिनेट घेऊन आला, चष्मा जाड, तोंडातून शब्द निघेना. तो गेल्यावर शेजारचा दुकानदार म्हणते, "हा पक्का नर्ड. दिवसभर गेम खेळत असन." म्हणजे त्याच्या लेखी गेमर अन् नर्ड (एखाद्या विषयाच्या पार खोलात शिरणारा किडा) दोन्ही एकच. घरोघरी हेच चालते. पोरगं पडद्यासमोर बसलं की ते गेमर, नर्ड, वाया गेलेलं, जे तोंडाला येईल ते.

मला नाही पटत. दिवसभर लोकांचे डबे उघडतो, त्यामुळे माणूस नंतर, कीबोर्ड आधी दिसते. गेमरच्या कीबोर्डवर डब्ल्यू, ए, एस, डी ही गेममध्ये चालायची चार अक्षरं पुसून गेलेली असतात, स्पेसबार डाव्या अंगठ्याखाली घासून चकाकते, अन् उजवीकडचा नंबरपॅड कोरा करकरीत. त्याचा प्रश्न एकच: "संध्याकाळपर्यंत होईल ना?" आठ वाजता मॅच असते. काय बिघडलं ते सांगायला लागलो की तो मोबाइल काढते. दुसरा येते तो कॅबिनेटचं झाकण घरीच ठेवून. स्क्रू औषधाच्या डबीत. बिघाड त्याने आधीच शोधलेला असते, मला फक्त साक्षीदार म्हणून आणलेलं. काम झालं, पैसे दिले, तरी हलत नाही. "पण कॅपॅसिटर फुगलाच काऊन?" मागे चार गिऱ्हाइकं ताटकळून राहिली, ह्याला त्याचं काही नाही.

अन् दोघं रात्री गेम तीच खेळतात!

माझं म्हणणं असं. गेमरला नियमांच्या आत राहून जिंकायचं असते. नर्डला ते नियम आतून कसे लिहिले आहेत ते बघायचं असते, जिंकलो तर जिंकलो. जीटीए ऑनलाइन ह्या गेमचंच उदाहरण घ्या. पीसीवर २०१५ साली आली. सुरू व्हायला काही मशीनवर सहा-सहा मिनिटं. जगभरचे लोक तेवढ्या वेळात चहा करून आणत, शिव्या घालत अन् खेळायला बसत. वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये एका खेळणाऱ्यानेच, सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्राम) हातात नसताना, चालू प्रोग्राम उकलून बघितला. विकायच्या वस्तूंची सुमारे १० एमबीची यादी, ६३ हजार नोंदी. एकेक नोंद वाचताना प्रोग्राम दर वेळी उरलेल्या यादीची लांबी शेवटपर्यंत मोजून येत होता. वरून ही नोंद आधी आली का म्हणून मागच्या साऱ्या परत चाळत होता. गड्याने तेवढंच दुरुस्त केलं, सहा मिनिटांची वाट दोनच्या आत आली. कंपनीने ते मान्य करून अपडेट काढलं आणि त्याला १० हजार डॉलर दिले.

माझ्या हिशेबात तो नर्ड. गेमरने चहाच घेतला असता.

तर्रीबाज

पेचकस भाऊ, गेमरची पार बेइज्जती करून टाकली तुमी. चहा पेत बसते म्हणे!

आमी काउंटर-स्ट्राइक १.६ ही टीममध्ये खेळायची बंदुकीची गेम खेळलो आहो, धरमपेठेतल्या कॅफेत, तासाचे पैसे मोजून. तिथं पैशाचा हिशेब ज्याले जमत नसे त्याले दुसऱ्या दिवशी कोणी टीममध्ये घेत नसे. सुरुवातीले हातात ८००. एडब्ल्यूपी बंदूक ४७५० ची. ती घेतली अन् लगेच मेला, का पुढच्या राउंडले कंगाल. म्हणून 'इको' करा लागे. साऱ्यानं मुकाट पिस्तूल घेऊन मरायचं, पैसा साठवायचा, अन् मंग एकदम एके बंदूक घेऊन उतरायचं. आपल्याजवळ किती उरले ते तर दिसतेच. समोरच्याजवळ किती उरले असतील ते डोक्यात ठेवा लागे. गणितात एटीकेटीवाले पोट्टे हा हिशेब तोंडी करत. त्याईले काय म्हणसान? नर्ड?

नियम कोणी लिहिले याच्याशी त्याईले घेणंदेणं नव्हतं हे मात्र खरं.

वर्धारोडवरून

पेचकस, निरीक्षण उत्तम. पण इतिहासाकडे पाहिलंत तर सुरुवातीला दोन जमाती नव्हत्याच. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' लिहिला. मशीनची किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. खेळणारे तेच, लिहिणारे तेच. दोन यानं, मध्ये एक तारा, त्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण. मागचं आभाळ आधी नुसतं ठिपक्यांचं होतं. ते त्यांच्यातल्या एकाला खटकलं, म्हणून त्याने खऱ्या ताऱ्यांची नोंद घेऊन खरं आकाश मागे फिरवलं, तेजस्वी तारे ठळक आणि मंद तारे फिके. शत्रूचं यान पाडायला त्या आकाशाचा शून्य उपयोग.

पुढे १९७२ मध्ये 'पाँग' आला, यंत्रात नाणं टाकून खेळायचा. नाणं टाकणाऱ्याला आत काय आहे हे बघायचं कारणच उरलं नाही. फूट पडली असेल तर मला वाटतं तिथे.

(तीस वर्षं विद्यार्थ्यांना न्यूमेरिकल मेथड्स शिकवल्या. ते आकाश फिरवणारे दर बॅचला एक-दोनच असायचे. नंबरात यायचेच असं नाही.)

शंकासुर

सगळं ठीक. पण 'गेमर' ही जमात दुकानदारांनी काढली आहे हे कोणी बोलणार आहे का? साध्या खुर्चीला लाल पट्टा मारला की ती गेमिंग चेअर. माउसमध्ये रंगीत दिवा लावला की दुप्पट भाव. नर्डच्या नावाने कोणी काही विकत नाही, कारण तो विकत घेण्याआधी दोन आठवडे तुलना करत बसतो. फरक हवा असेल तर हा घ्या. पेचकसराव, तुम्हीही विकत असालच.

पेचकस

विकतो ना. लाल पट्ट्याची जास्त जाते.

कॅसेटवाला

इथे कोणी काँट्रा खेळलेलं नाही का? टीव्हीला जोडायचा डबा, पिवळी कॅसेट, चालली नाही की तोंडाने फुंकर. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ह्या क्रमाने बटणं दाबली की तीस जीव.

तो कोड आला कुठून ते ऐका. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रॅडियस' ही गेम घरगुती यंत्रावर आणत होते, १९८६ साल. तपासायला गेम शेवटपर्यंत खेळावी लागते आणि ती त्यांना स्वतःलाच जमेना, इतकी अवघड. म्हणून लक्षात राहील असा कोड टाकला, सगळी शस्त्रं एकदम मिळवायला. तो काढायचा राहून गेला आणि पुढे काँट्रात आला. म्हणजे ज्याने गेम बनवली त्याला ती खेळता येत नव्हती! पेचकस भाऊंच्या मताला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

निशाचरी

मला या दोन्ही पाट्या कोणी लावत नाही. माझी तक्रार आधी ऐका.

दिवसा मिहानमध्ये नोकरी, रात्री अकरानंतर व्हॅलोरंट, ही टीममध्ये खेळायची बंदुकीची ऑनलाइन गेम. माइक चालू करून "दोघं बी साइटवर" (म्हणजे समोरचे दोघं बी नावाच्या जागी) एवढं म्हटलं की पलीकडून, "अबे, कोनाची बहीन बसली बे?" एकाने तर "ताई, दादाले द्या ना फोन" असंही सांगितलं. फोन! म्हणून माइक बंद, टाइप करून सांगते. टाइप करता करता मरते, मग तेच लोक विचारतात की सांगत काऊन नाही. ऑफिसात दोन तास चालणारी डेटाबेसची क्वेरी चार मिनिटांवर आणली तर मी 'मेहनती'. शेजारच्या टेबलावरच्याने केलं की तो नर्ड, आणि तेही कौतुकाने.

आता पिंगचं, म्हणजे सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचं. सर्व्हर मुंबईला. नागपूरहून रस्त्याने साधारण ८०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन ८ मिलिसेकंद. तारा रस्त्यासारख्या सरळ नसतात, मधले राउटर वेळ खातात, तर धरा १५-२०. मला दिसत होते ६० च्या वर. १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ चित्रांच्या) पडद्यावर एक चित्र ७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे समोरचा कोपऱ्यातून बाहेर आलेला मला पाच-सहा चित्रं उशिरा दिसणार, तोवर मी गेलेली. ट्रेसरूट लावलं, ते डेटा कुठून कुठून जातो ते दाखवतं. डेटाचं पाकीट नागपुरातून निघून आधी उत्तरेकडे जात होतं आणि तिथून वळसा घालून मुंबईला. प्रोव्हायडरला स्क्रीनशॉट पाठवले, त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. कनेक्शन बदललं.

आता यात मी गेमर कुठे संपले आणि नर्ड कुठे सुरू झाले, सांगा.

पेचकस

ताई, ट्रेसरूट मॅच चालू असताना लावलं का संपल्यावर?

निशाचरी

चालू असताना. मेल्यावर राउंड संपेपर्यंत बसूनच राहावं लागतं ना.

तर्रीबाज

ही बाई दोन्ही आहे. विषय संपला. अन् तो "दादाले द्या"वाला कोण होता त्याचं नाव सांगा, बघून घेतो.

त्रिमूर्तीनगरची_आई

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. मुलगा बारावीत जाणार, कोचिंग सुरू आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पब्जी बंद झाली तेव्हा तो लहान होता, मी देवापुढे साखर ठेवली. जुलै २०२१ मध्ये ती बीजीएमआय होऊन आली. जुलै २०२२ मध्ये गेली. मे २०२३ मध्ये परत आली. माझी साखर वाया गेली.

आता खरी अडचण. परवा त्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर एक तक्ता सापडला. उभ्या रकान्यात बंदुकांची नावं. आडवे रकाने: एका गोळीने किती नुकसान, मिनिटाला किती गोळ्या, समोरच्याला कितव्या दर्जाचं चिलखत असेल तर किती गोळ्यांत पडतो, आणि त्याला किती मिलिसेकंद लागतात. भागाकार हाताने केलेले. बाजूला खाडाखोड, खाली "अंतर ५० मी. च्या वर असेल तर?" असं लिहून दोन रेघा. पुढच्या पानांवर इंटिग्रेशनचा गृहपाठ, तो अर्धाच.

ओरडायला गेले तर काय बोलू तेच सुचेना. हा गेमर आहे की नर्ड? कोणत्या आजाराचं औषध आणू?

वर्धारोडवरून

ताई, आधी एवढंच बघा की पैसे लावून खेळत नाही ना. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आणि मनोरंजनाचे खेळ एकीकडे, पैसे लावायचे खेळ दुसरीकडे. दुसऱ्यांवर बंदी आहे. त्या वाटेला मुलगा नसेल तर निम्मी काळजी मिटली.

बाकी, ५० मीटरची शंका स्वतःहून काढणारा विद्यार्थी मला वर्गात मिळाला असता तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं. गृहपाठाचं मात्र ओरडाच.

घोडा_अडीच_घर

नागपुरात बसून हा वाद चाललाय आणि बुद्धिबळाचं नाव नाही! कमाल आहे मंडळी.

२८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. स्पर्धेत मानांकन १५ वं, ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म हाताशी नाही. विजेतेपदाबरोबर किताब थेट मिळाला. अंतिम फेरीचे दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, मग रॅपिड (कमी वेळेचे). त्यातलाही पहिला बरोबरीत, दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी मारला. त्याआधी आपल्याच नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये १३ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता. यांना गेमर म्हणाल की नर्ड? कोणीच काही म्हणत नाही, कारण आपण त्यांना खेळाडू म्हणून मोकळे होतो.

मी मुलांना शिकवतो, म्हणून सांगतो. तुमची दोन गिऱ्हाइकं माझ्या क्लासातही येतात. एकाला हरलेला डाव कळल्याशिवाय झोप येत नाही. कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचं इंजिन लावून, विसाव्या चालीला हत्ती की उंट, यावर चार फांद्या लिहून आणतो. स्पर्धेत घड्याळात दोन मिनिटं राहिली की ह्याचं डोकं बंद. चार चांगल्या चाली दिसतात आणि एकही खेळवत नाही. दुसरा पोरगा डाव लिहिलेला कागद टेबलावरच विसरून खाली वडापाव खायला जातो. काय ओपनिंग खेळलास विचारलं तर "ते नेहमीचंच सर". पण तीस सेकंद उरली की त्याच्या डोळ्यांत चमक येते आणि तो समोरच्याला गुंतवून टाकतो. पहिल्याला मी ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळायला लावतो, दुसऱ्याला डाव लिहायला. दोघंही रडतात.

वरच्या पातळीवर दोन्ही लागतं, म्हणून तिथे हा वाद दिसत नाही. खालच्या पातळीवर जो तो आपल्या आवडीच्या अर्ध्यात बसून असतो. पेचकस, तुमच्या दुकानात मला वाटतं ही अर्धी माणसं येतात.

तर्रीबाज

सर, दिव्याचा आपल्याले अभिमानच आहे. पण २०१८ च्या जकार्ता एशियाडले तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या पत्त्याच्या गेममध्ये ब्राँझ आणलं, तवा कोणी ढोल वाजवला का? तोही डोक्याचाच खेळ. फक्त पत्ते पडद्यावर. त्याले गेमर म्हणून सोडून दिलं.

शंकासुर

२०१८ ला ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होतं, ते ब्राँझ पदकतक्त्यात धरलं गेलं नाही. पदकाचा दर्जा हांगझोऊला, २०२३ मध्ये. माहिती पूर्ण द्यावी.

तर्रीबाज

हा नर्ड सापडला पहा.

पेचकस

घोडा सर, "अर्धी माणसं" हे लागलं जरा, पण मान्य नाही. गिऱ्हाईक अर्धं नसते. ज्याला नुसतं खेळायचं आहे तो पूर्णच आहे, त्याला कॅपॅसिटर शिकवायला जाऊ नये. माझा राग वेगळ्यावर आहे. गेमरच्या आईबापाला वाटते पोरगं कॉम्प्युटरमध्ये हुशार आहे, आयटीत घाला. चांगलं खेळते म्हणून कोड लिहिता येईल असं कुठं असते? अन् नर्डच्या आईबापाला वाटते हा गेम खेळून बिघडला, कनेक्शन काढा. दोन्हीकडे उलटं चालून राहिलं.

त्रिमूर्तीनगरच्या ताई, एक सांगा. तक्ता केल्यावर पोरगा खेळायला गेला का तक्ताच वाढवत बसला?

त्रिमूर्तीनगरची_आई

खेळतो, आणि हरतो. आणि मग एक रकाना वाढवतो.

पेचकस

नर्ड.

तर्रीबाज

गेमर! हरून परत जाते म्हणजे गेमरच. रकाना त्याचा सराव आहे.

निशाचरी

काकू, त्याला माझ्याकडून एक निरोप द्या. चार गोळ्यांत माणूस पडत असेल तर मिलिसेकंद मोजताना तीनच अंतरं धरायची. पहिली गोळी शून्याला सुटते. मिनिटाला ६०० गोळ्या असतील तर दोन गोळ्यांच्या मधे १०० मिलिसेकंद, म्हणजे एकूण ३००, ४०० नाही. अर्धे लोक इथे गंडतात आणि मग चुकीची बंदूक उचलतात.

त्रिमूर्तीनगरची_आई

निरोप दिला. म्हणाला, "त्यांना विचार, गोळी पोचायचा वेळ धरला का?" आणि मला खोलीतून बाहेर काढलं. आता आतून पानं उलटल्याचा आवाज येतोय.

निशाचरी

नाही धरला. व्हॅलोरंटमध्ये गोळी लगेच लागते, बीजीएमआयमध्ये तिला वेळ लागतो. पोरगं बरोबर आहे.

खामल्यातून

विषय सोडून विचारतो, पेचकस भाऊ इथे आहेत म्हणून. माझा पीसी ह्या मे महिन्यात गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत आपोआप बंद पडून राहिला. डिसेंबरात असं नव्हतं. बाकी कामाला ठीक चालतो. खोलीत कूलर आहे, पीसी अगदी त्याच्यासमोर ठेवला आहे, तरी!

पेचकस

तिथंच घोडं पेंड खाऊन राहिलं. कूलरसमोरून आधी हलवा.

पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, फक्त त्याच्यावर किती राहते एवढंच. डिसेंबरात खोली २०-२२ ला अन् प्रोसेसर सत्तरीत असेल, तर आत्ता खोली ४० ला म्हणजे तोच प्रोसेसर नव्वदीत. त्याच्यावर गेला की आधी स्वतःचा वेग कमी करते, तरी नाही भागलं तर मशीन बंद. जळण्यापेक्षा बरं. आता कूलरचं ऐका. त्याची हवा थंड असते पण ओली असते. कॅबिनेटमध्ये वर्षभराची धूळ असतेच. ती ओली झाली की हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या) पातळ पत्र्यांमध्ये घोंगडीसारखा थर बसते. पंखा फिरताना दिसते, हवा पलीकडे जात नाही. दर उन्हाळ्यात असे बरेच डबे येतात, थर चिमट्याने ओढला की अख्खी पट्टी निघते. वरून खसचे तुकडे.

मशीन बंद करून प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा उलटा गरगर फिरून खराब होते. हीटसिंक काढला तर जुनी पेस्ट पुसून नवी लावाच, मटारच्या दाण्याएवढी पुरते. एवढं करून बंद पडला तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बघू.

शंकासुर

धागा गेमर-नर्डचा होता. आता कूलरचा झाला.

पेचकस

नाही झाला. खामलेकर भाऊ, स्वतः उघडून बघता का आणून देता?

खामल्यातून

उघडलं आत्ताच. थर आहे, तुम्ही म्हणता तसाच. पण पंख्यामागे एक पाल मरून वाळली आहे, तिला हात लावायची माझी हिंमत नाही. कधी आणू?

पेचकस

शनिवारी चारनंतर. रविवारी दुकान बंद असते. झाकण अन् स्क्रू सोबत आणा, अन् पालीला तशीच राहू द्या, मी काढतो.